डिस्क माझी, वादळ त्याचं

डबीची बिजागरी मोडली म्हणून मी त्या दुकानात गेले होते. दुसरं काहीच कारण नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण आई अजूनही म्हणते की मी त्या दिवशी नवे कानातले घालून गेले होते.

जुन्या व्हिडिओ गेमचं दुकान ते. तिथले काका रिकाम्या डब्या एका पोत्यात भरून ठेवतात. माझी ‘निळं बंदर’ची डिस्क काउंटरवर रुमालावर ठेवली होती आणि मी त्या पोत्यात डोकं खुपसून धड बिजागरीची डबी शोधत होते. तेवढ्यात मागून आवाज आला.

“‘निळं बंदर’ आहे का?”

“तो खेळ आता मिळत नाही, दादा. काढणारी कंपनीच बुडाली,” काका म्हणाले. “हे काय, समोर पडलीय तेवढी एकच. पण ती या मॅडमची आहे.”

मी डोकं बाहेर काढलं. केसांत धूळ, नाकावर जाळं. त्याने आधी डिस्ककडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. हा क्रम मी लक्षात ठेवला.

“विकता?”

“नाही.”

“निदान किंमत तरी—”

“स्वतःचा टूथब्रश कुणी विकतं का?”

तो हसला, पण उसनं हसू होतं ते. मग त्याने सगळं सांगितलं. हा खेळ त्याच्याकडेही होता, पण डाउनलोड केलेला. ते ऑनलाइन दुकान बंद पडलं, पाठोपाठ त्याचं खेळायचं मशीन बिघडलं आणि खात्यातले सगळे खेळ गेले.

“म्हणजे विकत घेतले होतेत ना?”

“पैसे दिले होते.”

“ते वेगळं.”

“हो... आता कळतंय.” त्याने मान खाली घातली. “या खेळातले आवाज मी केलेत. लाटा, पाऊस, दारं, पावलं... सगळे. कंपनीबरोबर मूळ आवाजही गेले. पुढच्या सोमवारी मला एका मोठ्या स्टुडिओत काम दाखवायचंय. तिथल्या बाईंना खेळ चालू असताना ऐकायचंय, आणि नेटवर जे व्हिडिओ आहेत त्यात खेळणारा अखंड बडबडत असतो. माझंच काम माझ्याकडे नाही, बघा. हल्ली जाहिरातींसाठी बिस्किटांचा कुरकुर आवाज करतो मी.”

कॉलेजपासून मी तो खेळ खेळत आले होते. त्यातला पाऊस मला तोंडपाठ होता. तो पाडणारा माणूस माझ्यासमोर कान लाल करून उभा होता आणि मी, जी सख्ख्या मामेभावाला डिस्कला बोट लावू देत नाही, मी चक्क म्हणाले, “घेऊन जा. पण परत आणून द्यायची.”

दुसऱ्या दिवशी, मी दिलेल्या पत्त्यावर, तो आमच्या चष्म्याच्या दुकानात हजर. मी तिथे काचा घासून फ्रेममध्ये बसवते. डबी छातीशी धरून तो काउंटरपाशी घुटमळत राहिला.

“झालं काम?”

“नाही... माझ्या नव्या मशीनला डिस्क घालायला जागाच नाही.”

मी हातातली काच खाली ठेवली.

“दुकानदार म्हणाला होता, हल्ली डिस्क वापरतं कोण,” तो म्हणाला. “मी मान डोलावली. पातळ दिसत होतं मशीन, छान वाटलं.”

मी इतकी हसले की चष्म्याचा नंबर काढायला बसलेल्या आजोबांनी वळून पाहिलं. तो बिचारा तसाच उभा. शेवटी मीच म्हटलं, “संध्याकाळी घरी या. माझं मशीन जुनं आहे, जाडजूड आहे, पण डिस्क खातं.”

आईने त्याची उलटतपासणी घेतली. नव्या मशीनला डिस्कची खोबणच नाही हे ऐकून ती म्हणाली, “मग ते मशीन शोभेला ठेवलंय का?” त्याने प्रामाणिकपणे “हो” म्हटलं. तिथेच आईला तो आवडला असावा.

तो स्वतः खेळायचा नाही. मी खेळायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा. मधेच एक डोळा उघडून म्हणायचा, “हा पाऊस म्हणजे पत्र्याच्या डब्यावर तांदूळ.” किंवा, “ही होडी करकरतेय ना... आमच्या आईचं कपाट आहे ते.” मी त्याचं नाव कानसेन ठेवलं. तो मला मालकीणबाई म्हणायला लागला.

“इतकं सगळं कपाटात कशाला साठवायचं, मालकीणबाई? पसारा नुसता.”

“तुमच्याकडे पसारा नाही. खेळही नाही.”

“बोलण्यात तुम्हाला कोण हरवणार.”

“प्रयत्न तरी करा...”

तो माझ्याकडे बघत राहायचा आणि माझा खलाशी खडकावर आपटायचा. आठवडाभर रोज संध्याकाळी हेच. एकदा पाण्याचा पेला देताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच वेळ राहिली आणि आई उगाचच भिंतीवरचं घड्याळ पुसू लागली.

रविवारी सकाळी मात्र माशी शिंकली. खेळातलं मोठं वादळ सुरू झालं, लाट उंच उठली आणि तिथेच थिजली. पुन्हा लावलं. पुन्हा थिजली. डिस्क उजेडात धरली तर कडेला एक लांब ओरखडा.

त्याचा चेहरा उतरला. वादळ हेच तर त्याचं सर्वांत मोठं काम होतं.

“आमच्या दुकानात पॉलिशचं चाक आहे,” मी म्हणाले. “आज दुकान बंद आहे. किल्ली माझ्याकडे असते.”

“आणि जास्त घासली गेली तर?”

“तर गेली.”

“मग नको. तुमच्याकडे एवढी एकच आहे.” तो उठून उभा राहिला. “मी दुसरं काहीतरी दाखवेन.”

“काय, बिस्किटं?”

मी चपला घातल्या.

दुकानात त्याने दिवा धरला आणि मी कापडी चाकाला डिस्क टेकवली. श्वास रोखून धरला होता. चाक फिरत होतं, ओरखडा पुसट होत होता, आणि मला कळून चुकलं की डिस्क गेली तरी मी आयुष्यभर हळहळणार नाही. तो गेला तर हळहळेन. घरी येऊन लावली. वादळ पुढे सरकलं, पण लाट मध्येच एकदा अडखळली. सोमवारचा भरवसा नव्हता.

सोमवारी मी मशीन पिशवीत घालून त्याच्याबरोबर गेले. डिस्क जिथे, मी तिथे.

स्टुडिओतल्या बाई पिकल्या केसांच्या, गळ्यात हेडफोन. आमचं अवजड मशीन पाहून म्हणाल्या, “आमचा पुढचा खेळ फक्त डाउनलोड असणार. डिस्क म्हणजे नुसती अडगळ.”

“हरवलेली वस्तू अडगळीतच सापडते, मॅडम,” मी म्हणाले. कानसेनने माझ्या पायावर पाय दिला.

खेळ सुरू झाला. बाईंनी हेडफोन लावले, खोलीतला मोठा स्पीकरही चालू ठेवला. वादळ आलं. लाट उठली... एक क्षण अडखळली. आणि ती कोसळली, अख्ख्या खोलीभर कोसळली. बाजूच्या खोलीतून दोघंजण ऐकायला दारात येऊन उभे राहिले. वादळ सरल्यावर बाई म्हणाल्या, “छान. पुरे.”

“जरा थांबा,” मी म्हणाले. “अजून एक आहे.”

माझा खलाशी खोपटात शिरला, दार लोटून बसला. मी खेळाचा रिमोट मांडीवर ठेवून दिला. आता फक्त कपड्यांतून ठिबकणारं पाणी आणि त्या माणसाचा श्वास. आधी धापा, मग हळूहळू शांत होत जाणारा.

“इथे मी नेहमी थांबते,” मी म्हणाले. “काहीच करत नाही. परीक्षा असली की, बाबा गेले तेव्हा... नुसती ऐकत बसायचे. हा माणूस वाचला, तर आपणही वाचू, असं वाटायचं.”

बाईंनी हेडफोन काढले. “हा श्वास कुणाचा?”

“माझाच,” कानसेन म्हणाला. “दुसरं कुणी नव्हतं तिथे. जिने चढून-उतरून आलो आणि माइकसमोर बसलो.”

तो माझ्याकडे बघत नव्हता. मी तर कुणाकडेच बघू शकत नव्हते.

“उद्यापासून ये,” बाई त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, जरा नाइलाजाने, “आणि आपला खेळ डिस्कवरही काढावा, असं मी वर सांगते.”

खाली रस्त्यावर आलो तेव्हा मशीन त्याच्या दोन्ही हातांत होतं. वाहनं धावत होती, माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

“इतकी वर्षं तुम्ही माझा श्वास ऐकत होता,” तो म्हणाला.

“मला काय माहीत, तो तुझा होता ते?”

‘तुझा’ आम्हा दोघांनाही ऐकू आलं. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

“मला तू आवडतोस,” मी म्हणाले. “खूप.”

“मला तर त्या दुकानातच... तू पोत्यातून डोकं काढलंस तेव्हाच.”

“तू आधी डिस्क पाहिली होतीस.”

“आधी पाहिली. नंतर ती दिसली तरी का, विचार.”

मशीनसकट मी त्याला मिठी मारली. मशीनचा कोपरा बरगडीत रुतत होता, पण मी काही बाजूला झाले नाही. त्याच्या छातीत श्वास जोरजोरात चालला होता आणि तो शांत व्हायची मला मुळीच घाई नव्हती.

आईचा फोन आला. “मिळाली का त्याला नोकरी?”

“मिळाली.”

“आणि तुझं काय?”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो कानसेनच, त्याला फोनमधलं सगळं ऐकू गेलं होतं.

“माझंही झालं, आई.”

“मग दोघं जेवायला या,” आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.