दोन हिरवे पंख

"सगळ्यांत बारीक धागा द्या ना."

"साडीसाठी?"

"नाही... विमानासाठी."

मी मशीन थांबवून वर बघितलं. माझ्या फॉल-पिकोच्या दुकानात पुरुष फारसे येत नाहीत. आले तरी बायकोची साडी टाकून पळ काढतात. हा मात्र काउंटरवर रुमाल उलगडत होता. आत प्लॅस्टिकचे वीतभर दोन पंख होते, एक हिरवा रंगवलेला आणि एक कोरा.

"खेळणं आहे?"

"मॉडेल आहे." साहेबांना ते जरा लागलं. "शंभर वर्षांपूर्वीच्या विमानाचं. एकावर एक असे दोन पंख असायचे त्याला, आणि मधे तारा. त्या तारांसाठी धागा हवाय."

"आणि हा दुसरा पंख उघडाच ठेवणार?"

"रंग संपला. पुन्हा कालवला, तर तसा येईचना."

झालं. साडीला फॉल जुळवण्यात माझी आठ वर्षं गेली होती. मला राहवलं नाही. "पुढच्या मंगळवारी सगळे रंग घेऊन या," मी म्हटलं. "आणि दारात उभं राहून जुळवायचा. ट्यूबखाली रंग कधी जुळत नसतो."

त्याचं नाव वैजनाथ. गाव पाथर्डीकडचं. आमच्या श्रीरामपूरजवळच्या साखर कारखान्यात तो हंगामापुरता लॅब केमिस्ट होता. क्वार्टरच्या माळ्यावर त्याला तो जुना खोका सापडला होता. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी हौसेनं आणलेला, पण एकही तुकडा न जोडलेला.

"इतकी वर्षं कुणी हातच लावला नाही त्याला," तो म्हणाला. "मला कसंतरीच झालं."

मलाही झालं. लग्नानंतर दीड वर्षात माझं सासर सुटलं. आई भावाकडे राहुरीला. दुकानामागच्या खोलीत मी एकटी राहायचे, एकटीच जेवायचे. कुणी नुसतं "जेवलीस का?" विचारलं असतं, तरी रडू आलं असतं.

मंगळवारी तो इवल्या इवल्या डब्या घेऊन आला. आम्ही दारात स्टूल मांडलं. मी हिरव्यात थेंबभर पिवळा टाकला, तो ढवळू लागला... आणि समोरून हाक आली.

"राजे, कोन हाय गं ह्यो?"

चांगुणामावशी. दिवसभर उंबऱ्यात बसून गल्लीची हजेरी घेणारी.

"गिऱ्हाईक आहे, मावशी."

"गिऱ्हाईक लई येळ थांबतंय."

नवऱ्याला सोडून आलेल्या बाईच्या दारात परका पुरुष म्हणजे गल्लीला महिनाभराची करमणूक. मी स्टूल उचललं आणि आत नेलं. रंग ट्यूबखालीच जुळवला.

मग मंगळवार येतच राहिले. तो चिमट्यानं पंख धरायचा, मी सुईनं धागा ओवायचे. सवयीनं मी एकदा असा ताण दिला, की वरचा पंख वाकला.

"हळू! ब्लाउज नाही तो."

"ब्लाउज असता तर एवढा वेळ लागला नसता."

"लागू द्या की वेळ," तो म्हणाला, आणि आमची बोटं त्या तारांमध्ये एकमेकांना लागली. ना त्यानं काढली, ना मी... उरलेला आठवडा मी बायकांच्या साड्यांना भलतेच फॉल लावत होते.

होळी झाली आणि पुढच्या मंगळवारी शेवटची गाठ बसली. वैजनाथनं विमान तळहातावर घेतलं आणि उजेडात बघायला दारात गेला. उन्हात खालचा पंख मेथीसारखा गर्द होता, वरचा पोपटी.

"तुम्हीच म्हणाला होतात, ट्यूबखाली रंग जुळत नाही."

"घाई झाली."

"घाई नव्हती. समोर मावशी होत्या." त्याचा आवाज अगदी हळू होता. "मी चोर आहे का, राजेश्वरी?"

मी समोरच्या उंबऱ्याकडे बघितलं. त्यानं विमान रुमालात ठेवलं आणि तो निघून गेला.

पुढच्या मंगळवारी मी दोन कप चहा टाकला आणि दोन्ही कप मीच प्यायले. शनिवारी एक गिऱ्हाईक सहज बोलून गेली, की गाळप संपलं, हंगामी माणसं आज निघाली. मी तिची साडी अर्धी सोडून भरदुपारी कारखान्याची एसटी पकडली.

क्वार्टरसमोर टेम्पोत सामान भरलं होतं. श्रीमंत नावाचा टेम्पोवाला रेडिओ ऐकत होता. वैजनाथ विमान हातात घेऊन पायरीवर बसला होता.

"रंग मी मुद्दाम आत जुळवला," मी धापा टाकत म्हटलं. "लोकांना भिऊन. अजूनही भिते मी... पण मला त्या दुकानात आता एकटीनं बसवत नाही. मला तुम्ही हवे आहात."

श्रीमंतनं रेडिओ बंद केला.

वैजनाथनं विमान पायरीवर ठेवलं. "होळीला घरी गेल्तो, तवा आईला तुमच्याबद्दल सांगितलं," त्याच्या तोंडात गावची बोली आली. "ती म्हनली, एकदा नांदून आलेली हाय. लई भांडलो मी तिच्याशी. आणि हितं आलो, तर... तुमी मला दारात सुदिक उभं करंना."

मला रडू फुटलं. "आता काय म्हणतात त्या?"

"चार दिवस बोलली न्हाई. पाचव्या दिवशी फोन करून इचारलं, पोरगी पुरनपोळी करती का?"

"करते."

"मग पाडव्याला घेऊन येतो तिला."

"मंग सामान उतरवू का ऱ्हाऊ दिऊ?" श्रीमंतनं विचारलं.

"राहू द्या," मी डोळे पुसत म्हटलं. "आधी आईला घेऊन येऊ द्या त्यांना."

टेम्पोच्या धक्क्यांनी धागे तुटतील म्हणून वैजनाथनं विमान माझ्याकडे दिलं. रुमाल मी घेतला नाही. एसटीत आणि बाजारातून ते उघडं हातात धरूनच आले. पाडव्याला अजून तीन दिवस होते आणि खोलीत कुणीच वाट बघत नव्हतं.

"कुठं गेल्ती गं?" उंबऱ्यातून हाक आली.

मी थांबले. "वैजनाथला भेटायला, मावशी. आम्ही लग्न करणार आहोत."

चांगुणामावशी उठून रस्ता ओलांडून आली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही, ती विमानाकडेच बघत होती.

"मंग त्या दिवशी आत का नेलंस गं त्याला?" ती म्हणाली. "मला बघायचं हुतं की इमान कसं करत्यात ते. दिसभर एकलीच तर बसती मी."

मी विमान तिच्या हातात दिलं आणि दारात दोन स्टुलं मांडली.