माणूस नसलेल्या गावाची टाकी

मी चिठ्ठी उचलली आणि तिच्यावर त्याचं नाव निघालं. चंद्रपूरच्या त्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणात आम्हाला शिकवणाऱ्या साबिरा मॅडमनी जोड्याच तशा लावल्या होत्या — एक पत्रकार, एक ग्रामसभेचा माणूस. खाणवाले आसपासच्या गावांसाठी जो निधी भरतात तो कुठं जातो, हे दोघांनी मिळून शोधायचं. एक आमदारसाहेब आणि चार जिल्हा परिषद सदस्यही आमच्याच सतरंजीवर मांडी घालून बसले होते. इतकी मोठी माणसं वही काढून लिहून घेताना मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मला ते फार आवडलं.

"मी सुनिल. गडचांदूरचा." त्यानं आधी हात पुढं केला, मग नमस्कार केला, मग काहीच न सुचून पेन माझ्यापुढं धरला.

"पेन आहे माझ्याजवळ. मी दिव्यानी. मोहटोला, तालुका पोंभुर्णा. ग्रामसभेची सचिव."

"एवढ्या कमी वयात?"

"तुमी पत्रकार झाले, तं मी वय विचारलं का तुमाले?"

तो हसला. हसला की त्याचे डोळे पार मिटायचे. पहिल्या पाच मिनिटांत मी एवढं पाहून घेतलं होतं… उगाच खोटं कशाला बोलू!

दुपारी निधीतल्या कामांची यादी हातात आली. एकाच कागदावर आम्ही दोघं वाकलेलो. त्याचं बोट पुढं, माझं मागं. एका ओळीवर दोन्ही बोटं थांबली — मी माझं झटकन काढून घेतलं. 'कोसंबी रिठ : पाण्याची टाकी व नळ.' त्यानं मोबाईलवर जनगणना उघडली.

"लोकसंख्या शून्य!" तो पुटपुटला.

मी चहा आणायला गेले. परत आले तर जागा रिकामी. स्वारी बातमी लिहायला पळाली होती.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या पानावर झळकली. माणूस नसलेल्या गावाला पाण्याची टाकी! अकरा वाजता घरून माझ्या वडिलांचा, आबांचा फोन आला. "बाई, साहेब येऊन काम बंद करून गेले. ठेकेदारानं मशीन बी नेली."

खाण आल्यापासून मोहटोल्याच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नव्हती. त्या टाकीसाठी मी चार वर्षं ठराव लिहिले होते.

"ओ पत्रकार!" मी त्याला पायऱ्यांवरच गाठलं. "रिठ म्हंजे काय, मालूम आहे? पटकी आली तवा गाव उठलं न खाली मोहटोल्यात येऊन बसलं. वर माणूस राहत नाई. पण आमचं वावर तिथी, आमचा देव तिथी, न गोडं पाणी बी तिथीच. टाकी वर, नळ खाली! मले एक शब्द काऊन नाई विचारला?"

त्याचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "मले दाखवता…?"

त्याच्या गाडीवर मी मध्ये पिशवी ठेवून बसले. राग होता ना! कोसंबीला अर्धी बांधलेली टाकी सागाच्या पानांत उभी होती. त्यानं विहिरीतून पाणी शेंदलं, ओंजळीनं प्यायला, आणि माझ्याकडं बघायचं टाळत म्हणाला, "लय गोडं आहे." मग खाली येऊन त्यानं घराघरांत बायांना विचारलं, सगळं लिहून घेतलं. परतताना पिशवी माझ्या मांडीवर कधी आली, ठाऊक नाही.

वाटेत त्यानं संपादकांना फोन लावला. खुलासा केलास तर तालुका प्रतिनिधीची जागा विसर, असं तिकडून उत्तर आलं. त्या जागेसाठी दोन वर्षं तो उन्हातान्हात फिरला होता. मला टाकी हवी होती, आणि त्याची जागा जावी असंही वाटत नव्हतं. जीव नुसता अडकित्त्यात सापडला.

शेवटच्या दिवशी अधिकारी आले. सगळ्यांनी आपापला तपास मांडला. आमची पाळी आली तसा तो उभा राहिला.

"बातमी माझी होती. चूक बी माझीच. मी कागद पाह्यला, गावाले विचारलं नाई. टाकी खरी आहे. काम सुरू करा."

आमदारसाहेबांनी तिथंच फाईल मागवली, आणि आठवड्यात आदेश निघेल असं अधिकाऱ्यांकडून वदवून घेतलं. चुका झाकणारे मी खंडीभर पाहिलेत. चारचौघांत आपली बातमी आपणच खोडणारा हा पहिला. मी त्याच क्षणी प्रेमात पडले.

आदेश आला. पण ठेकेदार महिनाभर फिरकणार नव्हता. मग गावानं ठरवलं, नळाची नाली आपणच खणू. रविवारी सगळे कुदळी घेऊन निघालो, तर समोरून सुनिलची गाडी.

"जागा?" मी विचारलं.

"गेली. दुसरा पेपर पाहून राह्यलो." आणि बाही सरसावून तो नालीत उतरला.

दुपारपर्यंत त्याच्या तळहातांना फोड आले, पण गडी थांबेना. बुधरी आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "दिव्यानीचा लमझना मेहनती आहे गा!" एकच हशा पिकला. आबा मिशीत हसले… आणि नाही मात्र म्हणाले नाहीत.

"लमझना म्हंजे?" त्यानं मला विचारलं.

"काई नाई."

"सांगा ना."

"पोरगी मिळावी म्हणून… सासऱ्याच्या घरी राबतो तो. सासरा हो म्हणेपर्यंत."

तो लालेलाल झाला. कुदळ खाली ठेवली, हात पुसले आणि सरळ आबांसमोर जाऊन उभा राहिला.

"आबा, मी… म्हंजे दिव्यानी… तुमी हो म्हणसान का?"

आबांनी त्याच्या फोडांकडं पाहिलं, मग उरलेल्या नालीकडं.

"पाणी घरी पोचू दे, मंग बोलू," ते म्हणाले. "तवर आमच्याकडंच राहा."

मी मातीचं घमेलं डोक्यावर घेतलं आणि पाठ फिरवली. इतकं हसू लपवायला दुसरी जागाच नव्हती.