महागूचा गळा

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी सकाळी महागू शाहिराने डफावर थाप मारली, तोंड उघडलं, आणि आवाजच आला नाही. पुन्हा प्रयत्न केला तेव्हा तोंडातून लाल ओकारी आली आणि तो डफासकट खाली बसला. लालबर्ऱ्याहून बालाघाटच्या कोतवालीत फोन आला तेव्हा थानेदार नंदकिशोर डबीर दाढी करत होते. अर्ध्या गालावरचा फेस पुसून ते जीपमध्ये बसले.

कोणीतरी शाहिराला शेंदूर चारला, असं फोनवरचा हवालदार सांगत होता. गाणाऱ्याच्या पोटात शेंदूर गेला की त्याचा गळा कायमचा बसतो, हे या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेंदूर कोणी चारला हे गावाने परस्पर ठरवूनही टाकलं होतं. हट्टा गावचा शाहीर दोमाजी. दिवाळीनंतरच्या मंडईत या दोघांचा सवाल-जवाब दरसाल रंगे आणि दरसाल दोमाजी हरे. यंदा त्याने सगळ्यांदेखत महागूला विडा दिला होता. लोक त्याचे हातपाय मोडायच्या बेतात होते, म्हणून हवालदाराने त्याला कोठडीत घातलं होतं.

डबीर स्वतः कथा लिहीत. नागपूरच्या एका मासिकात चार-पाच छापूनही आल्या होत्या. मागच्या वर्षी हट्ट्याला त्यांनी महागूला पहिल्यांदा ऐकलं, आणि घरी येऊन अर्धी लिहिलेली कथा पेटीच्या तळाशी टाकून दिली. खोटं कशाला बोला, त्यांना हेवा वाटला होता. सही करतानाही अंगठा उठवणारा माणूस, आणि बाईच्या मनातलं असं बोलतो की ऐकणाऱ्या बाया पदराने डोळे पुसतात. त्याची एकही ओळ कागदावर नव्हती. साथीदार मागे फक्त पालुपद धरत, बाकी सगळं गाणं एकट्या महागूच्या डोक्यात. तो गळा गेला तर गाणीही गेली. डबीरांना रस्ताभर त्याचीच धास्ती वाटत होती.

डबीर लालबर्ऱ्याला पोचले तोवर महागूला बालाघाटच्या दवाखान्यात हलवलं होतं. त्याची बायको गोदाबाई मात्र सामान आवरायला भातगिरणीच्या गोदामात मागे थांबली होती. मंडळीचा मुक्काम तिथेच होता. डबीरांनी गोदाम नजरेखाली घातलं. चटया, घुंगरं, खुंटीवर डफ. डफाच्या कडीला काळ्या दोऱ्याने एक विडा बांधलेला होता, कपुरीच्या पानाचा, कडा सुकत चाललेला. दृष्ट लागू नये म्हणून असेल, असं त्यांना वाटलं.

"सकाळपासून त्यानं काय खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"पेज. माह्या हातची. मी बी तेच जेवली."

"आणि विडा?"

"गान्याआधी ते माह्याशिवाय कोनाच्याच हातचं खात नाही साहेब. सुपारीचं खांड बी नाही. लगनापासून पाहून राह्यली."

"पेज खाल्ल्यावर कुठे गेला होता?"

"मास्तर आलते बालाघाटून. दोघं तळ्यावर बसले होते गोष्टी करत. मास्तर आले का ह्याईले दुसरं काही सुचत नाही."

मास्तर म्हणजे गुणाकर वझलवार. बालाघाटच्या शाळेत मराठी शिकवायचा, दोन कवितासंग्रह नावावर होते. महागूला 'कवी' म्हणणारा जिल्ह्यातला पहिला शिकलेला माणूस तोच. महागूची मंडळी जिथे जाईल तिथे गुणाकर सायकल हाणत पोचे आणि पुढे मांडी घालून बसे.

डबीर तळ्यावर गेले. पायऱ्यांच्या कडेला कोणीतरी पान थुंकलं होतं. चोथा नेहमीपेक्षा भडक, नारिंगी झाक मारणारा, आणि त्यात चांदीच्या वर्खाचे बारीक तुकडे चमकत होते. त्यांनी तो कागदात गुंडाळून घेतला. येताना बाजारातल्या तिन्ही पानठेल्यांवर चौकशी केली. वर्ख इथे कोणी ठेवत नाही, कोण विकत घेणार तो, असं तिघांनीही हसत सांगितलं.

कोठडीत दोमाजी गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. एक डोळा सुजला होता.

"विडा तू दिलास?"

"हौ. सगळ्या गावादेखत देल्ला. रीतच हाय ते."

"महागूनं तो खाल्ला?"

दोमाजी कडवट हसला. "ते त्याच्या डफाले पुसा साहेब."

डबीरांना खुंटीवरचा डफ आठवला. मग त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले, दोमाजीने त्यांची नीट उत्तरं दिली, आणि डबीरांनी त्याला जीपमध्ये घातलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोट धुतलं होतं. आत शेंदूरच निघाला. जिवाचा धोका टळला होता. आवाजाचं विचारल्यावर डॉक्टरांनी नुसती मान हलवली. कुजबुजण्याइतकाही परत येईल असं वाटत नाही, म्हणाले. महागू कुशीवर पडून होता. कोणी दिलं, असं डबीरांनी हळू आवाजात विचारलं, तर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. दोमाजीचं नाव घेतलं तरी तो हलला नाही.

व्हरांड्यात गुणाकर बसला होता. रडून डोळे लाल झालेले. ते रडणं खरं होतं, डबीरांना त्याबद्दल शंका आली नाही.

"तुम्ही तळ्यावर त्याच्याबरोबर होतात?"

"होतो. नवं गाणं ऐकवलं त्यानं मला. डबीरसाहेब, मी दोन पुस्तकं छापली. त्याच्या एका कडव्यासाठी दोन्ही चुलीत घालीन."

"लिहून घेतलं असेल ना?"

"लिहू देतो कुठे. दोन वर्षं पाया पडतोय. म्हणतो, गाणं कागदात कोंडलं की मरतं. आणि लोकांना तरी काय, गळ्याला भुलतात. शब्दांकडे लक्ष असतं कोणाचं? असली कविता, आणि तिच्यावर शिट्ट्या पडतात."

"दोमाजीचा विडा त्यानं कधी खाल्ला?"

"तळ्यावरच. माझ्यासमोर. मी नको म्हणत होतो, पण दिलदार माणूस तो."

डबीर उठले. "आत चला मास्तर," म्हणाले.

महागूच्या खाटेभोवती आता चौघं होते: उशाशी नुकतीच पोचलेली गोदाबाई, पायथ्याशी दोमाजी, खिडकीपाशी गुणाकर आणि दारात डबीर. डबीरांनी गोदामातून आणलेला डफ खाटेवर ठेवला. विडा अजून कडीला होता.

"दोमाजीचा विडा हा," ते म्हणाले. "कोणी खाल्लेला नाही. सवाल-जवाबाआधी दिलेला विडा शाहीर डफाला बांधतात. सामना संपला की जिंकणारा तो सोडतो, अर्धा आपण खातो, अर्धा हरलेल्याला देतो. मला हे ठाऊक नव्हतं, आज दोमाजीनं सांगितलं. तुम्हालाही ठाऊक नव्हतं, मास्तर. तुम्ही सगळे सामने पाहिले, पण तुमचं लक्ष फक्त शब्दांकडे. विडा दिलेला तुम्ही पाहिलात. पुढं त्याचं काय होतं, ते कधी पाहिलं नाहीत."

गुणाकरने डफाच्या कडीकडे पाहिलं.

"महागू गाण्याआधी बायकोखेरीज कोणाच्या हातचं खात नाही. आज खाल्लं, म्हणजे नाही म्हणता येणार नाही अशा माणसानं दिलं. तळ्यावरच्या चोथ्यात वर्ख होता. तो लालबर्ऱ्यात मिळत नाही, बालाघाटच्या चौकात मिळतो. विडा तुम्ही आणलात. काथाच्या रंगात शेंदूर लपतो. नाव दोमाजीवर जाणार, हा तुमचा हिशेब. त्यासाठीच तर मघाशी माझ्याशी खोटं बोललात."

गोदाबाई गुणाकरकडे पाहतच राहिली. "मास्तर, काहून?" एवढंच ती म्हणाली.

गुणाकर भिंतीला टेकला. नाकबूल करण्याचं त्याच्या मनातही आलं नसावं. "गळा गेला की गाणं सुटेल," तो म्हणाला. "बोलता येईल, एवढंच मला वाटलं. तो घरी बसेल, सांगेल, मी लिहीन. तमाशा संपेल आणि कविता राहील. सगळा आवाज जाईल असं नव्हतं वाटलं मला."

"आणि त्याला लिहिता येत नाही, हे?"

"ते मी विसरलो." तो खाली बघत होता. "माझ्या मनात तो नेहमी कवीच होता."

डबीरांना संताप आला. हा माणूस खोटं बोलत नव्हता, याचाच जास्त आला. हेवा आणि भक्ती यांची त्याच्यात इतकी खिचडी झाली होती की कुठली कोणती, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पेटीच्या तळाशी टाकलेली कथा डबीरांना आठवली, आणि या माणसाला आपण इतकं सहज ओळखलं याची त्यांना लाज वाटली.

"पण गाणी गेली नाहीत," गुणाकर एकाएकी म्हणाला. "मला पाठ आहेत. सगळी. आजचं नवंसुद्धा." आणि कोणी अडवायच्या आत त्याने म्हणायला सुरुवात केली.

"काळ्या खदानीतून आला माहा धनी,
तोंड त्याचं ओळखलं नाही कोनी.
दिवा विझवून उभी मी दारापाशी,
पायाची त्याच्या चाहूल उतरली उराशी..."

महागू वळला. दिवसभरात प्रथमच त्याने डोळे पूर्ण उघडले आणि हात वर केला. गुणाकर थांबला. महागूने बोट हलवलं. नाही.

"चाहूल नाही?"

नाही.

"खूण? पायाची खूण?"

महागूने तोंड उघडलं. मानेच्या शिरा फुगल्या, ओठ हलले, आतून नुसती हवा आली. गोदाबाई त्याच्या ओठांवर वाकली. नवं गाणं तिनेही ऐकलं नव्हतं.

"धग? लय? ओढ?" गुणाकर खाटेपाशी गुडघ्यांवर आला होता. त्याला येत होते तेवढे सगळे शब्द तो एकामागून एक पुढे करत होता, संस्कृतातले, पुस्तकातले, शेवटी खेड्यातलेही. दोमाजीनेही दोन सुचवले. डबीर मनातल्या मनात शोधत होते आणि सापडत नव्हता. महागू प्रत्येक वेळी बोट हलवत होता, सुरुवातीला जोराने, मग सावकाश.

"रुणझुण?" गुणाकर म्हणाला. "महागू, सांग ना रे. काय म्हणाला होतास तू तळ्यावर?"

महागू त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने हात खाली घेतला आणि होकारार्थी मान हलवली. रुणझुण.

तो शब्द नव्हता, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. गुणाकरलाही.