न निवडलेली पिशवी

जो माणूस पहिल्याच भेटीत माझ्या ताईला हसला, त्याला मी जन्मात माफ करणार नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, नंतर मला कोणी बोल लावायचा नाही!

मे महिना होता. नववीची परीक्षा संपली होती, शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी नुकताच पहिला नंबर काढला होता, त्यामुळे माझ्या तोंडाला कोणी कुलूप लावू शकत नव्हतं. भद्रावतीच्या पुढे, हायवेपासून जरा आत, आमच्या बाबांचा लहानसा कारखाना आहे. पत्र्याची शेड, दोन भट्ट्या आणि दारात मोहाचं झाड. तिथे आम्ही फळ्या बनवतो. लाकडाच्या नव्हे हो! विजेच्या खांबावरचे पांढरे इन्सुलेटर भट्टीत ज्यांच्यावर मांडून भाजतात, त्या फळ्या. तेराशे अंशांच्या जाळात, डोक्यावर ओझं घेऊन, त्यांनी वाकायचं नाही. आमचं चंद्रपूरचं ऊन सत्तेचाळीसला गेलं की लोक हाय हाय करतात. आमच्या फळीला विचारा एकदा.

फळी कशाची? म्युलाईटची. अल्युमिना आणि सिलिका असलेली माती इतकी कडक भाजायची की तिचा दगडच व्हावा. त्या दगडाचे दाणे करायचे, त्या दाण्यांपासून फळी. दाणा वाईट तर फळी वाईट. आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी दाणा निवडायचं काम रुपालीताईवर सोपवलं होतं. पंचवीस वर्षांची, डिप्लोमावाली माझी ताई! नागपूरच्या कारखान्याची पहिली मोठी ऑर्डर होती. बाबा म्हणाले होते, "यावेळी तू पाह्य. पण चुकली, तर पुढच्या वेळेपासून मीच पाहीन."

बाबांचं पाहणं म्हणजे काय, तर कागदावरचा अल्युमिनाचा आकडा वाचणं. झालं!

तर त्या दुपारी ताई टेबलावर पाच कंपन्यांच्या नमुन्याच्या पिशव्या मांडून बसली होती. हातोडीने एक दाणा फोडला, उजेडात धरला आणि डोळे मिटून जिभेला लावला…

"मॅडम, जेवण नाई झालं का?"

दारात एक उंच माणूस. खांद्यावर सहावी पिशवी, कपाळावर घाम आणि तोंडभर हसू.

मी उसळले. ताई मात्र शांत. जिभेवरचा दाणा काढून म्हणाली, "चव नाई घेऊन राह्यली. जिभेले चिकटते का पाहून राह्यली. चिकटला म्हणजे आतून पोकळ. कच्चा भाजलेला."

"अस्सं?" त्याने टेबलावरचा दुसराच दाणा उचलला आणि जिभेला लावला. तो दाणा नेमका कच्चा निघाला! असा चिकटला की माणूस जीभ बाहेर काढून "आं… आं…" करत उभा. साच्यात माल ठोकणाऱ्या ताराबाईंच्या हातातला ठोकणाच खाली पडला. "माय वो! हा तर मुका झाला!"

ताईने पाण्याचा पेला पुढे केला. हसली नाही. पण गालात काहीतरी हललं. मी पाहिलं ना!

नाव विचारलं तर म्हणाला, "इस्तारी."

"तुमच्या आजोबाचं नाई, तुमचं विचारून राह्यली," मी म्हटलं.

"आजोबाचंच आहे. त्यांनी मले दिलं, दुसरं काही नव्हतं त्यांच्यापाशी." सिरोंच्याचा होता तो. मराठी बोलता बोलता मध्येच तेलुगूचा हेल यायचा, गोदावरीच्या पाण्यावर होडी डुलावी तसा. दाणे बनवणाऱ्या एका कंपनीत होता. कागदावर सत्तर टक्के अल्युमिना. बाबा लगेच खूश.

ताई खूश नव्हती. "अल्युमिना सगळेच विचारतात, बाबा. लोखंड किती, सोडा किती, हे कोण विचारते? थेच तर जाळात आधी वितळते." आणि तिने पाचातल्या एका पिशवीतला काळ्या ठिपक्यांचा दाणा इस्तारीसमोरच बाजूला सारला. "हा पाह्य. दिसाले केवढा देखणा. ठिपका लोखंडाचा हाय. नाई चालत."

तो त्या ठिपक्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

दोन दिवसांनी नवी पिशवी घेऊन आला. "थे पह्यली साधी होती. हे पाह्या." मग 'चाचणी कशी चालली' म्हणून आला. मग काही कारण नसताना आला. एकदा सिरोंच्याचे 'कलेक्टर' जातीचे आंबे घेऊन आला, एकेक आंबा दोन मुठींएवढा, डाग नसलेला.

"एवढे सारखे? निवडून आणले का?" ताईने विचारलं.

"तुमच्यासाठी… म्हणजे, कारखान्यासाठी." त्याचे कान लाल झाले.

आणि ताई! धुळीचा मास्क तोंडावर, पण कानात नवे डूल. मास्क लावून डूल कोण घालतं हो? ताराबाई मला कोपराने ढोसून म्हणायच्या, "पोरी, भट्टी अजून पेटली नाई अन् धूर निघून राह्यला."

त्याच्या पिशवीचा दाणा सगळ्यांत सरस निघाला. फोडा, चाटा, भाजा, एकही ठिपका नाही. ताईने 'हो' म्हटलं आणि ट्रक आला.

माल कुठलाही असो, ताई थप्पीच्या वरून, मधून आणि खालून अशी तीन पोती उघडते. पहिलं उघडलं. दाणे फोडले. ठिपके. मधलं उघडलं. ठिपके. खालच्यात तर दिवाळीच!

"कागदावर सत्तर लिहून हाय ना?" बाबा म्हणाले. "उतरवा."

"नाई उतरवाचा."

"काऊन? तूनंच तर हो म्हटलं होतं!"

ताई इस्तारीकडे वळली. तो पांढराफटक पडला होता.

"पिशवीतले आणि पोत्यातले दाणे एकच हायेत का?"

"एकच… पण…" तो थांबला. "मी निवडले होते, मॅडम. ठिपक्याचा एकेक दाणा काढून टाकला. दोन दिवस बसलो होतो."

"कंपनीनं सांगतलं?"

"नाई. मीच. तुमी त्या दिवशी थे देखणी पिशवी बाजूला सारली ना… मले वाटलं, मलेबी तसंच साराल. मंग पुन्हा इथी याले मले काय कारण?"

ऐकलंत? पोटातला संताप माझ्या जिभेवर आला. "म्हणजे स्वतः चांगलं दिसाचं म्हणून तुमी माह्या ताईले खोटं पाडलं? ती दिवसभर दगड फोडते, हाताले फोड येतात, ते कोणाले दिसत नाई. अन् तुमी गोड गोड दाणे आणून तिचा एक शब्द वाया घालवला! आंबे घेऊन जा तुमचे!" (आंबे संपले होते, पण मुद्दा तो नव्हता.)

ताईने त्या पोत्यातले दोन घमेली दाणे बाजूला काढले आणि ट्रक परत पाठवला. तोही ट्रकमागे निघून गेला.

बाबा दिवसभर धुमसत होते. मुलीचे नखरे, ऑर्डर जाईल, मी आधीच म्हणत होतो… आणि मला सगळ्यांत जास्त राग याचा आला की ताईने उलट उत्तर दिलं नाही. तिने त्या दाण्यांची एक पट्टी ठोकली, वाळवली, दोन विटांवर आडवी ठेवली, वर वजन ठेवलं आणि भट्टी लावली.

चौथ्या दिवशी सकाळी भट्टी उघडली. पट्टी मधोमध अशी वाकली होती, जशी बाळाची झोळी.

बाबांनी ती हातात घेतली. उलटसुलट पाहिली. सत्तर टक्के अल्युमिना त्यांच्याकडे वाकून बघत होता. त्यांनी नागपूरला फोन लावला आणि पंधरा दिवस मागून घेतले.

आठवड्याने इस्तारी आला. केस विस्कटलेले, हसू गायब, खांद्यावर पोतं. मी दारातच आडवी झाले.

"मले ताईशी नाई बोलाचं, रीता. हे पोतं तेवढं तिले दे."

पण ताई आलीच. तो खाली बघून बोलू लागला. "मालकाले सगळं खरं सांगतलं. लय बोलले. मंग दुसऱ्या मातीचा माल काढला, लोखंड कमी असलेला. वीस पोत्यांतून काढून आणलं हे, वरून, मधून, खालून. ठिपके हायेत दोनचार. मी एकबी काढला नाई."

ताईने पोतं उघडलं. दाणा फोडला, डोळे मिटले, जिभेला लावला. मोहाच्या झाडाखालची वाळकी पानंसुद्धा गप्प झाली.

"चिकटते का?" त्याने हळूच विचारलं.

"नाई."

पट्टी पुन्हा ठोकली, पुन्हा भट्टी लागली. ते चारही दिवस तो रोज सकाळी येऊन झाडाखाली बसायचा आणि संध्याकाळी जायचा. भट्टी उघडली तेव्हा ताईने पट्टीवर पोलादी मोजपट्टी टेकवली. दोन्हींच्या मधून उजेडाची रेघसुद्धा जाईना.

बाबा खाकरले. "आता माल कोणता घ्याचा, थे आमच्या रुपालीले विचारत जा," आणि झटकन ऑफिसात गेले. डोळे पुसायला. मी पाहिलं ना!

झाडाखाली दोघंच उरले. आणि मी. आणि खिडकीत ताराबाई.

"मॅडम, पोत्याचं झालं," तो म्हणाला. "माणूस कसा पाह्यता तुमी?"

"तसाच. वरून, मधून, खालून." ताईने मास्क उतरवला. "सांग. वाईट आधी."

तो उपड्या घमेल्यावर बसला. "मी घोरतो. भाजीत मीठ जास्त टाकतो. रागावलो की तेलुगूत बडबडतो. घाबरलो की… खोटं नाई बोलत, पण खरं निवडून सांगतो. थे आता सोडलं. आणि… तुमाले दगड चाटताना पाह्यलं, त्या दिवसापासून मले दुसरं काही सुचत नाई."

ताईचे डूल हलले.

"हे वाईटात काऊन सांगून राह्यला?"

खिडकीतून ठोकणा पुन्हा खाली पडला.

मी त्याला अजून माफ केलेलं नाही. पुढच्या खेपेला त्याने आंबे आणले, लहानमोठे, दोन डागाळलेले, एक पोपटाने टोचलेला. टोचलेला मीच खाल्ला. सगळ्यांत गोड तोच निघाला, आणि याचा मला अजूनही भयंकर राग येतो.