निळी फीत

दुपारची भाकर आटोपून जनकाबाई ओसरीवर टेकल्या, तोच गोकुळ आला. ऑर्केस्ट्रात तो कीबोर्ड वाजवायचा आणि त्यांचा प्रसेनजित गिटार. हिवरा आश्रमाचा कार्यक्रम करून परतताना मोटारसायकल पुलाखाली गेली नि पोरगा संपला. एकटाच होता म्हणे. त्याच आठवड्यात गोकुळचा हात प्लास्टरमध्ये होता. घरी पाय घसरला, असं त्यानं सांगितलं. जनकाबाईंनी ऐकून घेतलं, मानलं नाही.

"काकू, प्रसेनजितची धून ऐकवा ना. लोक म्हन्तात, रोज वाढून राह्यली?"

"हाव. काल मोटारसायकलचा आवाज आला तिच्यात."

गोकुळनं सोबत आणलेली कीबोर्डची पिशवी जवळ ओढली.

धून लूपर पेडलमध्ये होती. पायानं दाबलं की पोराचं वाजवणं पुन्हा पुन्हा वाजे. दुसरीकडे ते कुठंच नव्हतं. जनकाबाईंनी पेडल नि बॅटरीवरचा स्पीकर मांडला आणि पाणी आणायला आत गेल्या.

परतल्या तर पेडलला वायर खोवलेली. वायरीला निळी फीत नव्हती.

पेडलला नऊ व्होल्ट लागतात आणि मायनस पिनेच्या मधोमध. गोकुळच्या कीबोर्डच्या अडॅप्टरला मधोमध प्लस. पिन मात्र दोन्हींची सारखीच, उलटी लागली की पेडल जळतं, म्हणून पेडलच्या वायरीला निळी फीत बांधायची, असा ऑर्केस्ट्राचा रिवाज.

तांबडा दिवा फडफडला, विझला. जळक्या प्लास्टिकचा उग्र वास ओसरीभर झाला.

"काऊन बे? माह्या पोराची वायर खुंटीवर दिसली नाही तुले?"

"घाईत ध्यानात नाही आलं, काकू..."

"फीत तं तूच बांधली होती."

गोकुळनं कपाळ पुसलं. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, ओझं उतरल्यासारखा दिसत होता.

जनकाबाईंनी वायर उपटून हातात घेतली. रागानं म्हणा, सवयीनं म्हणा, पेडल पायानं दाबलं.

तांबडा दिवा लागला.

स्पीकरमधून धून निघाली. मग मोटारसायकलची घरघर. मग वाऱ्यात फाटलेला प्रसेनजितचा आवाज... "गोकुळ, हळू चालव बे... पूल आला..."

गोकुळ भिंतीला टेकला. "बंद करा काकू... बंद करा..."

त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. बंद होईना. घरघर थांबली, क्षणभर काहीच नाही, आणि मग स्पीकरमधून गोकुळच बोलला, हळू, खालच्या आवाजात:

"घाईत ध्यानात नाही आलं, काकू..."

हे तो बोलला होता, ते पेडल जळल्यानंतर. वायर अजून जनकाबाईंच्या मुठीत होती.