जावयाची शिट्टी

दिवा जरा तिकडे सरकव, डोळ्यांवर येतोय. आणि मध्येच कुणी फोन काढायचा नाही. काढायचा असेल तर आत्ताच उठा.

ही ऐकीव गोष्ट नाही. दलदलीच्या काठावर पर्यटकांचा एक कॅम्प होता, तिथं मी आचारी होतो. ज्याच्यावर हे गुदरलं, त्याला दोन्ही वेळा मीच वाढायचो. सगळे त्याला जावई म्हणत, कारण तिथल्या म्हाताऱ्या वाटाड्याची मुलगी त्याला दिलेली. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण हा बिचारा कुणाच्या राशीला लागणारा नव्हता. तापट होता, एवढंच.

म्हाताऱ्याच्या अंगात एकच कला होती. तोंडात दोन बोटं घालून तो हुबेहूब पाणमांजरासारखी शिट्टी मारायचा. लव्हाळ्यातून खरं पाणमांजर उत्तर द्यायचं, मग डोकं वर काढायचं, आणि पाहुण्यांचे पैसे वसूल. पुढं त्याचे समोरचे दोन दात पडले. शिट्टीच्या शेवटी हवा निसटायला लागली. फीऽऽ... फुस्स. पाहुणे हसायचे. एकदा धक्क्यावर, चारचौघांत, जावई वैतागून बोलून गेला, "आता तुमच्या शिट्टीला मांजर काय, माणूससुद्धा फसायचा नाही. घरी बसा."

म्हातारा धक्क्यावरून उठून गेला. त्याच संध्याकाळी एकटाच होडी घेऊन आत गेला. तिसऱ्या दिवशी सापडला.

त्यानंतर वर्षभर जावयाच्या शिट्टीला एकही पाणमांजर आलं नाही. दात बत्तीसच्या बत्तीस शाबूत, आवाज स्वच्छ, पण नाही म्हणजे नाही. शेवटी मालकानं सांगून टाकलं, "या चौघांना दाखव. नाहीतर सोमवारी नवा माणूस येतोय." नोकरीची काळजी तर होतीच. पण त्याला आतून खात होतं ते वेगळंच. एकदा तरी आपल्या शिट्टीला उत्तर यावं, म्हणजे म्हाताऱ्याला आपण उगाच नाही बोललो असं स्वतःला सांगता येईल. हे त्यानं बायकोला कधी सांगितलं नाही, मला सांगितलं.

ते चौघं म्हणजे पाठीवर कपाटं घेऊन हिंडणारी कॉलेजातली मुलं. दोन मुली, दोन मुलगे. त्यातल्या एकाला देवानं तोंड दिलं होतं, पण झाकण द्यायचं राहून गेलं होतं.

नोव्हेंबरची बावीस तारीख, शुक्रवार. दुपारी चारला निघाले. सातला परत यायचं, म्हणून मी साडेसहाला भात टाकणार होतो.

निघाल्यापासून सगळं उलटंच. जावयाला होडीच्या पुढच्या टोकाला उभं राहून बांबू रोवायची सवय. मागच्या फळीवर बसून वल्ह्यानं होडी सरळ ठेवायची, हे काम म्हाताऱ्याचं. तो गेल्यावर मालकानं दुसरा माणूस दिलाच नाही. त्यामुळं होडीचं तोंड कधी डावीकडे, कधी उजवीकडे. चार ढकलण्यातली दोन नुसती सरळ करण्यात जायची. त्यात बडबड्याची टकळी. तो मागं तोंड करून, रिकाम्या फळीसमोर बसला होता आणि गेल्या वर्षी कुठं कुठं काय काय दिसलं ते सांगत होता.

"दादा, इथं खरंच प्राणी आहेत ना?"

"आहेत. गप्प बसलात तर दिसतील."

"आम्ही गप्पच आहोत की."

एक बगळा दिसला, तो उडाला. एक कासव दिसलं, त्यानं बुडी मारली. चष्मेवाली मुलगी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायची आणि काही म्हणायची नाही. जावयाला तिचं न बोलणं जास्त लागत होतं. साडेपाचला परत फिरायचं, तर हा ईर्ष्येनं आणखी आत गेला. अजून एक वळण, अजून एक. सहा वाजले, अंधार पडला आणि लव्हाळी चहूकडून सारखीच दिसायला लागली. वर्षानुवर्षं त्या पाण्यात काढलेला माणूस, पण वाट सापडेना. एकच वाकडं झाड तीनदा आलं. बांबूलाही तळ लागेना.

"चुकलोय का आपण?" चष्मेवालीनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. रागानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अंधार होता म्हणून बरं.

करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्यानं तोंडात दोन बोटं घातली आणि शिट्टी मारली.

फीऽऽ.

थोडा वेळ काही नाही. मग लांबून, उजवीकडून...

फीऽऽ...

मुलं मोहरून गेली. "आलं! दादा, उत्तर आलं!" एकीनं त्याचा दंडच धरला. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते आलं होतं. त्यालाही आनंदाची उकळी फुटली. त्यानं पुन्हा शिट्टी मारली.

पुन्हा उत्तर. या वेळी जवळून. या वेळी पूर्ण.

फीऽऽ... फुस्स.

जावयाचे हात थांबले.

त्या चौघांना काय कळणार? त्यांना ते पाणमांजर होतं. पण पाणमांजराच्या शिट्टीतून हवा निसटत नाही, पोरांनो. पाणमांजराचे दात शाबूत असतात.

"दादा, तिकडे घ्या ना होडी."

तो हलला नाही.

शिट्टी पुढून आली. मग डावीकडून. मग मागून.

मग आलीच नाही.

होडी किंचित मागं दबली. कुणी चढून बसलं की दबते, तशी.

आणि चालायला लागली.

बांबू जावयाच्या हातात, पाण्याबाहेर. प्रवाह नाही. वारा नाही. होडी मात्र सरळ... अगदी सरळ. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. वर्षभरात चालली नव्हती, तशी.

मागं वल्हं पाण्यात पडत होतं. चुळुक... चुळुक...

बडबड्या गप्प झाला होता.

दुपारपासून जावयानं ज्या गप्प बसण्यासाठी जीव टाकला, ते हे असं मिळालं. एकट्या बडबड्याचं तोंड मागं होतं. तो श्वाससुद्धा हळू घेत होता.

जावयानं मागं पाहिलं नाही.

एकदाच, पुढं बघतच, तो पुटपुटला, "चुकलं माझं."

वल्हं थांबलं...

मग पुन्हा पडायला लागलं.

सव्वाआठला मी कंदील घेऊन धक्क्यावर उभा होतो. होडी लागली. चौघं उतरली. बडबड्या माझ्या शेजारून गेला आणि थेट आपल्या तंबूत शिरला. भात तसाच राहिला.

सकाळी मालकानं मुलांना विचारलं. चष्मेवाली म्हणाली, "दिसलं नाही, पण शिट्टीला उत्तर मिळालं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं." मालक खूश. त्यानं जावयाच्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, "मग काय, जमलं की."

जावयानं नुसतं हो म्हटलं असतं तर नोकरी राहिली असती.

"ते पाणमांजर नव्हतं," तो म्हणाला.

"मग कोण होतं?"

तो होडी पुसायला निघाला. मी त्याच्यासाठी चहा घेऊन मागोमाग गेलो. रात्री दव मजबूत पडलं होतं. दोर भिजलेला, बांबू भिजलेला, पुढच्या फळ्यांवरून थेंब ओघळत होते. मागची फळीही दोन्ही कडांना ओली होती.

मधोमध, एक माणूस बसेल एवढी, कोरडी होती.