तिसरी हाक

बामुम राज्याची राजधानी फुंबान त्या पहाटे धुक्यातून वर आली, तेव्हा तिचा राजा गोऱ्या अंमलदाराच्या नजरकैदेत होता, आणि राजाच्या भाषेतली सारी पुस्तके जाळण्याचा हुकूम सुटला होता. राजवाड्याचा वृद्ध घंटाधर पेफुरा याला हुकमाची कुणकुण लागली. पण ही पुस्तके होती डोंगरापल्याडच्या पाठशाळांत, त्यांना सावध करणार कसे? वेशीवर तर कडेकोट पहारा.

बामुमांची भाषा सुरांवर चालते. सूर चढला की शब्दाचा अर्थ एक, उतरला की दुसरा. म्हणूनच राजवाड्याची दोन तोंडांची लोखंडी घंटा, चढ्या आणि उतरत्या सुरांत, वाक्येच्या वाक्ये बोलत असे. दंडक मात्र कडक होता. हाक तीनदा गेली तरच ती राजाज्ञा. दोनदा गेली तर लोक नुसते कान टवकारून थांबत.

पेफुराने घंटा वाजवायची दांडी उचलली. "ग्रंथ मातीत पुरा." एकदा. दुसऱ्यांदा. इतक्यात शिपाई घेऊन अंमलदार दाखल झाला. सोबत दुभाष्या मुलिओम, पेफुराचाच पोटचा पोर. परक्यांची चाकरी धरली म्हणून बापाने दोन वर्षे त्याचे तोंड पाहिले नव्हते.

"काय वाजवतो आहे हा?"

"मृतांचे स्मरण, साहेब. इथला रिवाज आहे." मुलिओम धडधडीत खोटे बोलला.

अंमलदाराला ते पटले नाही. त्याच्या इशाऱ्यासरशी बंदुकीचा दस्ता म्हाताऱ्याच्या मनगटावर बसला आणि दांडी गळून पडली.

"तिसरी राहिली रे," पेफुरा कण्हला.

"बाबा, आज्ञा असावी," म्हणत मुलिओमने दांडी उचलली.

शिपायांनी त्याला ओढून काढीपर्यंत हाक पुरी झाली होती. डोंगरापल्याड कुदळी चालू लागल्या, आणि दुपारी पाठशाळांत शिपायांच्या हाती पुस्तकांच्या रिकाम्या मांडण्या लागल्या.

मुलिओमला दूर समुद्रकाठच्या तुरुंगात धाडले. तिथे बामुम बोलणारा एकही जीव नव्हता. याहून क्रूर शिक्षा मला तरी ठाऊक नाही.

चार वर्षांनी त्या तुरुंगाला मीठ पुरवणारा एक व्यापारी फुंबानला आला. बाजारात साऱ्यांना कळणाऱ्या मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, "तुमचा मुलगा गेला, काका. शेवटच्या दिवशी खूप बोलत होता."

"काय बोलला?"

"तुमची भाषा. आम्हाला काय कळणार?"

"आवाज चढत होता की उतरत होता? तेवढे तरी सांगा."

व्यापाऱ्याने बराच वेळ आठवून पाहिले. "ध्यानात नाही राहिले, काका."

पेफुराने त्याला बसायला चटई दिली, पाणी दिले, आणि पुन्हा तेच विचारले.